सोळाव्या आकड्यापर्यंत

डेल हॅव्हलॉक स्वतःच्या हातानं कॉफी घेऊन खोलीत आला, तेव्हाच ग्लेनिस पर्डनच्या मनात पाल चुकचुकली. डेल कुणासाठी कॉफी आणणाऱ्यांतला नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी तो होबार्टच्या या समुद्र संशोधन संस्थेत तिच्या हाताखाली शिकायला आला, तेव्हाही त्यानं कधी आणली नव्हती. आता तर तो विभागप्रमुख होता.

"ऑगस्टमधली परिषद यंदा आपल्याकडे आहे," तो खुर्चीच्या हातावर टेकत म्हणाला. "शास्त्रीय गणितासाठी संगणकाची कोणती भाषा बरी, यावर एक परिसंवाद ठेवायचाय. तो तू घडवून आण."

"मीच का?"

"तुझ्याइतकी वर्षं या धंद्यात दुसऱ्या कुणी काढलीत?"

"म्हणजे म्हातारी झाले म्हणतोस."

"बघ! यात काय वाईट बोललो मी?"

वाईट काहीच नव्हतं, आणि नेमकं तेच तिला खटकलं. दक्षिणेकडचा समुद्र आणि त्यावरचा बर्फ कसा सरकेल, याचं गणित करणारा संस्थेचा प्रोग्राम तिनं उभा केलेला होता. तो होता फोरट्रानमध्ये. ही भाषा तिच्या जन्माआधीची. तरुण मंडळी पायथन किंवा ज्युलिया या नव्या भाषांत काम करायची आणि फोरट्रानचं नाव निघालं की आजीच्या कवळीबद्दल बोलावं तशी हसायची. हा प्रोग्राम मोडीत काढून नव्यानं लिहावा का, अशी कुजबुज गेली दोन वर्षं चहाच्या टेबलावर चालू होती. ग्लेनिस आली की ती थांबायची. आणि आता त्याच विषयावर भर सभेत चर्चा, तीही तिनंच घडवून आणायची.

"माझाच निरोपसमारंभ मलाच करायला लावतायत," घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

नेव्हनं जन्मभर फेरीबोटीची इंजिनं सांभाळली होती. आता निवृत्त होऊन तो दिवसभर शेडमध्ये काहीबाही खोलून बसायचा. त्यानं ओव्हनमधून शिंपल्यांचं सारण भरलेल्या 'स्कॅलप पाय' काढल्या आणि एक तिच्यापुढे सरकवली.

"ग्लेन, मागच्या महिन्यात तुला पाव भाजायच्या मशिनचाही संशय आला होता."

"ते मशिन खरंच वेळ चुकीची दाखवत होतं."

"दाखवत होतं. पण मुद्दाम नव्हतं दाखवत."

ग्लेनिस जन्मापासून अशी नव्हती. सिग्नेट गावच्या सफरचंदांच्या बागेत वाढलेली ती मुलगी कुणाच्याही ट्रॅक्टरवर चढून बसायची. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तिनं एका मोठ्या कामासाठी दुसऱ्या एका गटाचा तयार प्रोग्राम घेतला होता. चांगली माणसं, नावाजलेला गट. तपासून कशाला बघायचं? त्या प्रोग्राममध्ये एका ठिकाणी अधिकच्या जागी उणे पडलं होतं. त्यावर बेतलेला शोधनिबंध छापून आला, गाजला आणि मग मागे घ्यावा लागला. भर बैठकीत तिच्या साहेबानं काखा वर केल्या आणि म्हणाला, "चालवला ग्लेनिसनं होता." त्या दिवसापासून तिनं तयार काही घेणं बंद केलं. सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं. नवी प्रणाली आली तर जुन्या प्रणालीबरोबर ती महिनाभर शेजारीशेजारी चालवायची आणि दोघींची उत्तरं ताडून बघायची. अंटार्क्टिकाकडे रसद नेणाऱ्या जहाजाला दिलेल्या अंदाजातली चूक तिनं अशीच एकदा पकडली होती, आणि जहाजाच्या कप्तानानं स्वतः येऊन तिचा हात हातात घेतला होता. या धंद्यात संशय हा गुण आहे. पंचाईत एवढीच, की माणसांनाही ती तशीच तपासायची.

परिसंवादासाठी समितीनं तिच्या जोडीला ऑकलंडची लोसा तुइमालेआली दिली. लोसा तिशीतली, तिथल्या मांगेरे उपनगरातल्या सामोअन घरातली, मोठ्यानं हसणारी आणि भराभर कामं उरकणारी. विद्यापीठात तिची जागा कंत्राटी होती. ज्युलियाच्या बाजूनं तीच बोलणार होती. पायथनसाठी मेलबर्नचा फर्गस टीग, फोरट्रानसाठी ग्लेनिस, आणि अध्यक्ष डेल. पहिल्याच व्हिडिओ बैठकीत लोसानं एक गोष्ट सुचवली.

"नुसतं बोलून काय उपयोग, ग्लेनिस? मी म्हणणार माझी चांगली, तुम्ही म्हणणार तुमची. त्यापेक्षा तिघांनी एकच गणित सोडवू. आकडे तुम्ही द्यायचे, मशिन एकच, कॅनबेरातलं मोठं. फक्त उत्तरं आधी गोळा करायची. प्रोग्राम कुणी कुणाला दाखवायचा नाही, तो थेट व्यासपीठावर."

कल्पना उत्तम होती. इतकी उत्तम, की हिला आजच कशी सुचली, असं ग्लेनिसला वाटलं. तरी तिनं स्टॉर्म बे या जवळच्या उपसागरातल्या भरती ओहोटीचं एक भलंमोठं गणित निवडलं. हजारो समीकरणं एकदम सोडवायची होती. आकड्यांची फाइल तिनं दोघांना एकाच वेळी पाठवली, म्हणजे कुणाला आधी मिळाली असं व्हायला नको.

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यावर येऊ लागली. एका बैठकीला ती जरा आधी जोडली गेली, तर लोसा आणि फर्गस आधीच तिथं होते आणि कशावर तरी पोट धरून हसत होते. तिचा चेहरा पडद्यावर उमटला आणि दोघं गप्प झाले.

"चालू दे की," ग्लेनिस म्हणाली. "मलाही सांगा."

"काही नाही हो, फर्गसच्या कुत्र्याचं चाललं होतं," लोसा म्हणाली.

फर्गसच्या दाढीआडून पुन्हा हसू फुटलं. ग्लेनिसनं मनाशी म्हटलं, कुत्र्यावर इतकं कोण हसतं?

पुढच्या आठवड्यात कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा उघडला तर परिसंवादाचं नावच बदललेलं. तिनं ठेवलं होतं, 'कोणत्या कामाला कोणती भाषा'. आता तिथं होतं, 'जुन्या भाषांच्या पुढे'. तो मसुदा बदलायची मुभा तिघांना होती: तिला, डेलला आणि लोसाला. डेलला पत्रिकेत शब्द जुळवत बसायला कुठला वेळ? तिनं नाव पूर्ववत केलं. दोन दिवसांनी ते पुन्हा बदललं. आता लोसाला काही बोलायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं, असं तिनं ठरवलं. लोसाच्या प्रत्येक निरोपातलं प्रत्येक वाक्य ती दोनदा वाचू लागली. 'तुमच्या अनुभवाचा फायदा होईल' म्हणजे काय? 'काळजी करू नका' कशाबद्दल?

परिषदेला दहाबारा दिवस उरले असताना उत्तरं आली. ग्लेनिसनं तिन्ही शेजारीशेजारी मांडली आणि खाली बघत गेली. तिचं स्वतःचं उत्तर इतर दोघांशी बाराव्या तेराव्या आकड्यापर्यंत जुळत होतं, पुढे थोडं इकडेतिकडे. असंच व्हायला हवं होतं. संगणक प्रत्येक पायरीला आकडा किंचित कापतो. बेरजांचा क्रम जरा बदलला की शेपटाकडचे आकडे बदलतात. दोन माणसांनी दोन भाषांत लिहिलेलं हजारो समीकरणांचं गणित शेपटापर्यंत तंतोतंत सारखं येणं म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या हाताचे ठसे सारखे निघण्यासारखं.

आणि फर्गस आणि लोसाची उत्तरं सोळाव्या आकड्यापर्यंत सारखी होती. पहिल्या ओळीत, मधल्या ओळीत, शेवटच्या ओळीत. एकही आकडा हललेला नव्हता.

तिनं खिडकी उघडली. हिवाळ्याचे दिवस, डोंगरावर बर्फ होता आणि वारा थेट तिथूनच येत होता, तरी खिडकी उघडीच ठेवून ती पुन्हा आकडे बघायला बसली. म्हणजे एकानं गणित केलं होतं आणि दुसऱ्यानं उचललं होतं. भर सभेत दोघं मिळून सांगणार, बघा, नव्या भाषांचं कसं एकमत आहे, या बाईंचंच तेवढं वेगळं.

"विचार की तिला," नेव्ह म्हणाला. "फोन आहे ना तुझ्याकडे?"

"चोराला विचारायचं, चोरी केलीस का म्हणून?"

"चोर आहे हे ठरलं कधी?"

"नेव्ह, सोळा आकडे! हे आपोआप होत नाही. तुला नाही कळायचं त्यातलं."

"नसेल कळत," तो म्हणाला आणि शेडकडे निघून गेला.

तिनं फोन केला नाही. डेलला सविस्तर मेल लिहिली, आकडे जोडले, आणि शेवटी लिहिलं, 'यातलं एक उत्तर दुसऱ्यावरून उतरवलेलं आहे. फर्गसनं आधी पाठवलं, लोसानं नंतर.' एवढंच. पण वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजावं, अशा बेतानंच ते लिहिलेलं होतं.

डेल एरवी मेलला आठवडा लावायचा. या खेपेला तासाभरात उत्तर आलं: 'गंभीर आहे. मी बघतो.' दुसऱ्या दिवशी पत्रिकेत लोसाच्या जागी नवं नाव होतं, परिषदेला प्रायोजक म्हणून लाभलेल्या संगणक कंपनीच्या माणसाचं. ग्लेनिस त्या नावाकडे बघत राहिली. इतक्या घाईत हा माणूस सापडला कुठून? त्याचा फोटो, चार ओळींची माहिती, सगळं तयार. तिनं ज्या दिशेला डोळे लावले होते, तिच्या बरोबर पाठीमागे काहीतरी हललं होतं, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

त्याच दुपारी लोसाचा फोन आला. आज ती हसत नव्हती.

"ग्लेनिस, मी कुणाचं गणित चोरलंय म्हणे?"

"मी चोरी हा शब्द वापरलेला नाही."

"डेलनं वापरलाय. माझ्या विभागप्रमुखांना लिहिलंय त्यानं. पुढच्या महिन्यात माझ्या कंत्राटाचा विचार व्हायचाय."

ग्लेनिस म्हणाली, "सोळा आकडे जुळतात, लोसा. तूच सांग कसे."

लोसानं उलट विचारलं,

"तुम्ही समीकरणं सोडवायचा भाग स्वतः लिहिलात?"

"अर्थात."

"आम्ही नाही लिहिला. हल्ली कुणीच लिहीत नाही हो! फर्गस पायथनमधून हाक मारतो, मी ज्युलियातून. पण काम करते ती खालची लायब्ररी, कुणीतरी कधीच लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम. आणि त्या मशिनवर दोघांना एकच लायब्ररी आहे. आकडे तुम्ही दिलेले, मशिन एक, लायब्ररी एक. उत्तर वेगळं येईल कसं?"

ग्लेनिसला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गावातल्या सगळ्या नळांना पाणी एकाच धरणाचं येतं, हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसं ठाऊक होतं. पण ती स्वतः तीस वर्षं विहिरीचं पाणी पीत आली होती, त्यामुळे तिचं मन तिकडे वळलंच नाही.

"माझा प्रोग्राम पाठवते," लोसा म्हणाली. "वेगळी लायब्ररी जोडा आणि चालवून बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका. तसंही तुम्ही जाणार नाही."

"लोसा, परिसंवादाचं ते नाव तू..."

"मी? मला वाटलं, तुमच्या आणि डेलच्या संमतीनं बदललं असेल. मी काय बोलणार? माझं वय काय, जागा काय." मग आवाज खाली आला. "तुम्ही मला एक फोन का नाही केलात?"

 फोन ठेवल्यावर ग्लेनिसनं लोसाचा प्रोग्राम खरंच दुसरी लायब्ररी जोडून चालवला. तेराव्या आकड्यानंतर सगळं पांगलं. पुन्हा पहिली जोडली, पुन्हा फर्गसचंच उत्तर, शेपटापर्यंत. आणखी एकदा चालवायला हात उचलला आणि तिनं तो मागे घेतला. आता तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

ती तडक डेलच्या खोलीत गेली.

"माझं चुकलं. मुलगी निर्दोष आहे. ऑकलंडला लिही आणि तिला परत घे."

"लिहितो की," डेल म्हणाला. "पण परिसंवादाचं आता अवघड आहे. कंपनीचा माणूस निघालाय. आणि ग्लेन, लिहिलं होतंस तूच."

"परिसंवादाचं नाव कुणी बदललं?"

"मी बदललं. जरा आकर्षक वाटावं म्हणून. का?"

"आणि हा माणूस? तो आधीच ठरला होता ना? मी मेल लिहिली नसती तर काय केलं असतंस?"

"तुला ना, सगळ्यात काहीतरी दिसतं," डेल हसून म्हणाला आणि फोन उचलला.

त्यानं तिचा मुद्दाम फायदा घेतला होता की तो आयता चालून आला होता, हे तिला कधीच कळलं नाही. तिच्या संशयाला या खेपेला पुरावा मिळाला नाही. पण बाहेर पडताना एक गोष्ट तिला लख्ख दिसली. जिच्यावर नजर ठेवली ती साधी निघाली, आणि ज्याच्या कॉफीचा पहिल्या दिवशी संशय आला, त्याच्याच हातात तिनं स्वतः लिहून कागद दिला.

डेल 'लिहितो' म्हणाला होता, त्यावर ती थांबली नाही. तिनं ऑकलंडला स्वतः लिहिलं. काय आरोप केला, तो का चुकीचा होता, आणि चूक कुणाची होती. लोसाला त्याची प्रत पाठवली. उत्तर आलं नाही.

लोसाचा दुसऱ्या सत्रात स्वतंत्र निबंध होता, म्हणून ती परिषदेला आलीच. बंदराजवळच्या हॉटेलात परिसंवादाच्या वेळी ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली होती, अंगातला कोट न काढता. व्यासपीठावर चार खुर्च्या: डेल, फर्गस, कंपनीचा माणूस आणि ग्लेनिस. डेलनं प्रास्ताविक केलं आणि पहिली संधी "आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांना" दिली.

ग्लेनिसनं पडद्यावर दोन उत्तरं शेजारीशेजारी लावली.

"ही दोन उत्तरं सोळाव्या आकड्यापर्यंत सारखी आहेत," ती म्हणाली. "ती बघून मी एका सहकारी बाईंवर उतरवल्याचा आरोप केला. त्यांना न विचारता, तिसऱ्याला लिहून. त्यामुळे त्या आज या व्यासपीठावर नाहीत. उत्तरं सारखी का आहेत, हे मला कळायला हवं होतं आणि कळलं नाही. ज्यांना कळतं, त्या मागे बसल्यात. लोसा, माझ्या खुर्चीत ये."

सभागृहात चुळबुळ झाली. डेल पुढे झुकून हळूच म्हणाला, "ग्लेन, हे पत्रिकेत नाही."

"ठाऊक आहे," ती माईकमध्येच म्हणाली, आणि खाली उतरली.

लोसा पटकन उठली नाही. एवढ्या लोकांत ग्लेनिसला जाणवलं, की ही आणखी एक गोष्ट आपण तिला न विचारताच केली. मग लोसानं कोट काढला, खुर्चीवर ठेवला आणि पुढे आली. दोघी वाटेत समोरासमोर आल्या, पण लोसानं तिच्याकडे बघितलं नाही. ती बोलली मात्र सुरेख. लायब्ररी म्हणजे काय, आपण किती गोष्टी न बघता विश्वासानं घेतो, आणि भाषांची तुलना करतो म्हणताना खाली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजतो, हे तिनं पोरासोरांनाही समजेल असं सांगितलं. कंपनीच्या माणसाला फारसं बोलायला उरलं नाही.

"मग आता फोरट्रानच्या बाजूनं कोण बोलणार?" कुणीतरी विचारलं.

"तिच्या बाजूनं बोलायची गरज नाही," फर्गस म्हणाला. "आम्ही दोघं ज्या लायब्ररीच्या जिवावर उड्या मारतोय, तिचा मोठा भाग फोरट्रानमध्येच लिहिलाय!"

सगळे हसले. मागच्या रांगेत लोसाच्या कोटाशेजारी बसलेल्या ग्लेनिसनं सवयीनं इकडेतिकडे बघितलं, हे आपल्याला तर हसत नाहीत ना. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

चहाच्या वेळी ती लोसाजवळ गेली.

"मला माफ कर."

"पत्र वाचलं मी," लोसा म्हणाली. "चांगलं लिहिलंय. पण चार दिवस माझी आई जेवली नाही, ग्लेनिस. तिला वाटलं, पोरीनं घराण्याचं नाव घालवलं. ते पत्रानं कसं भरून निघणार?"



"त्या बैठकीतलं हसणं खरंच कुत्र्यावरचंच होतं," लोसा एकदम म्हणाली. "फर्गसचा कुत्रा मीटिंग चालू असताना त्याच्या मांडीवर ओकला होता. तुम्ही त्या दिवशी ज्या नजरेनं बघितलंत ना, तेव्हाच मी फर्गसला म्हटलं होतं, या बाईंना मी आवडत नाही."

ती कप ठेवून निघून गेली आणि त्या परिषदेत दोघी पुन्हा बोलल्या नाहीत.

लोसाचं कंत्राट वाढलं. ग्लेनिसच्या पत्रामुळे की त्याशिवाय, हे तिनं विचारलं नाही. आपल्यामुळे नसावं, असंच तिचं मत होतं. डेल वर्षअखेर बढती घेऊन पर्थला गेला. ग्लेनिसचा प्रोग्राम अजून चालू आहे, तो मोडीत काढायची कुजबुजही चालू आहे.

पुढच्या वर्षीच्या परिषदेसाठी समितीनं दोघींनाच पुन्हा विचारलं, तेव्हा ग्लेनिसला वाटलं, लोसा नकार देईल. तिनं दिला नाही. अट घातली: "माझ्याबद्दल काहीही मनात आलं, तर आधी मला सांगायचं. मग जगाला सांगा."

ग्लेनिसनं कबूल केलं. सोपं नव्हतं. मनात आलेलं मनातच आठवडाभर घोळवून, बाजूला ठेवून, पुन्हा काढून बघायची तिची सवय. ते लगेच बोलून टाकायचं म्हणजे अंगातला शर्ट भर रस्त्यात काढून दाखवल्यासारखं. तरी एका रविवारी सकाळी लोसानं पाठवलेला एक तक्ता बघता बघता तिनं फोन उचलला.

"लोसा, ती दुसरी ओळ मला पटत नाही. मुद्दाम केलंयस का तू तसं?"

"ग्लेनिस, मी चर्चच्या दारात उभी आहे. आई पुढे गेलीय."

"मग नंतर करते."

"नको, आताच सांगा. तुमच्या मनात काय असेल, या विचारानं माझं प्रार्थनेत लक्ष लागायचं नाही."

ग्लेनिसनं तक्ता पुढे ओढला आणि सांगायला सुरुवात केली.